हौस कुणाच्या नावावर

माणसाने लग्न करावे की करू नये, या प्रश्नावर जगातल्या थोर थोर तत्त्वज्ञांनी डोकी झिजवली आहेत. केल्यास कुणाशी करावे, यावर तमाम आईबापांनी झिजवली आहेत. पण ते करताना वधूवरांच्या पाठीमागे काय लावावे, हा प्रश्न मात्र सगळ्यांनी मिळून मांडववाल्यावर सोडून दिला होता. मांडववाला समजूतदार असे. त्याच्याकडे एक लाल कापड असे आणि एक पिवळे. लग्नाला लाल पुढे, मुंजीला पिवळे पुढे. पुढे पुढे प्रगती झाली आणि थर्मोकोलची अक्षरे आली. नवऱ्याचे नाव, मध्ये एक हृदय, बायकोचे नाव. पंख्याचा वारा लागून त्यातला एखादा काना जेवणाच्या पंगतीपर्यंत पडत असे, आणि 'रमा'ची 'रम' झालेली पाहून वराकडची तरुण मंडळी खूश होत. २०१८ साली महाराष्ट्रात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि एका युगाचा अंत झाला.

आता लग्न समुद्रावर होते. मागे लावायला समुद्रच असल्यावर खर्च वाचेल, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. समुद्र फुकट असतो ही गोष्ट खरी, पण त्याच्यापुढे काय लावायचे याचे पैसे पडतात.

मी बँकेत कारकून आहे. शिक्षण बी.कॉम., सेकंड क्लास. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध इतकाच की काउंटरपलीकडची माणसं पैशाबद्दल बोलता बोलता आयुष्याबद्दलही चुकून खरं बोलून जातात. बी.कॉम.ला आम्हाला खर्चाचे दोन प्रकार शिकवले होते. यंत्र विकत घेतलं तर भांडवली खर्च, यंत्राला तेल घातलं तर महसुली. आता लग्नाची सजावट यात कुठे बसवाल? संध्याकाळी सहाला उभी राहते, रात्री अकराला खाली येते. पाच तासांत घसारा शंभर टक्के! म्हणजे महसुली, असं म्हणून मी वही मिटणार होतो. पण पुस्तकात एक तिसराही प्रकार होता. पैसे आज जातात, फायदा मात्र पुढची काही वर्षं मिळत राहतो, म्हणून तो खर्च त्या सगळ्या वर्षांवर थोडा थोडा वाटायचा. डिफर्ड रेव्हेन्यू एक्स्पेंडिचर, असं त्याचं भारदस्त नाव. लग्नाचा अल्बम नेमका या सदरात मोडतो. खर्च मुलीचा बाप एकदाच करतो आणि पुढे वीस वर्षं घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याचा हप्ता भरत बसतो.

कायद्याला विचाराल तर त्याला सजावट लागतच नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम सांगतं की जिथे सप्तपदीची चाल आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं झालं. ते पाऊल वाळूवर पडलं की सतरंजीवर, याची कायद्याला चौकशी नाही. १९५४ च्या स्पेशल मॅरेज अॅक्टाला तर पावलंही नकोत. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि सह्या. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की विवाह म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं करण्याचा प्रसंग नव्हे. हा निकाल पेपरात आला त्या दिवशी आमच्या शाखेत लग्नासाठीच्या कर्जाचे दोन अर्ज आले होते आणि दोन्ही मंजुरीस पात्र होते.

आणि कायद्याच्याही आधी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने भटजीवाचून, हुंड्यावाचून, अगदी थोडक्या खर्चात लग्न लावून दाखवलं होतं. म्हणजे साध्या लग्नाची कल्पना आपल्याकडे दीडशे वर्षांची जुनी. दीडशे वर्षं आपण तिची मनापासून स्तुती करतो आहोत. दुसऱ्यांच्या लग्नात.

साधेपणाचं हेच तर आहे. आपल्या ऐपतीत बसतो तो साधेपणा, त्याच्यावर एक रुपया गेला की उधळपट्टी. माझ्या लग्नात बँड होता. आमच्या सौ.च्या मामांना तो शुद्ध उधळपट्टी वाटला आणि त्यांनी तसं बँडच्या आवाजावर आवाज काढून सांगितलंही. मामांच्या स्वतःच्या लग्नात घोडा होता. पण तो, म्हणे, साधा घोडा होता.

तर आमच्या थोरल्या मेव्हणीच्या मुलीचं लग्न ठरलं. मेव्हणीला घरात सगळे अक्का म्हणतात, साडूंना नाना. नाना सरकारी नोकरीत, निवृत्तीला वर्ष उरलेलं. माणूस इतका काटकसरी की पेन्सिल दोन्ही बाजूंनी तासतो. लग्न समुद्रकिनारी, अलिबागजवळच्या नागावला करायचं ठरलं आहे, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

ते सांगायला ते आमच्या शाखेत आले होते. हातात मुदत ठेवीची पावती. पाच लाखांची, दोघांच्या नावावर, मुदत संपायला चौदा महिने बाकी.

"मोडायची आहे," नाना म्हणाले.

"नाना, व्याज बुडेल."

"बुडू दे."

नानांच्या तोंडून 'व्याज बुडू दे' हे शब्द! शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी नोटा मोजायच्या थांबवल्या.

"नाना, पोरीने मागितलंय का एवढं?"

"पोरगी म्हणते, रजिस्टर करू आणि दोघं कुठेतरी फिरून येऊ."

"मग?"

नानांनी इकडे तिकडे पाहिलं. मग काउंटरवर कोपर टेकून, कर्ज मागणारे बोलतात त्या आवाजात, म्हणाले, "आमचं लग्न तुम्हाला ठाऊक आहेच."

ठाऊक होतं. १९९६ साल. जात वेगळी, दोन्ही घरांची तोंडं दोन दिशांना. नोंदणी कचेरीत नाना, अक्का आणि कायद्याला लागतात तेवढेच तीन साक्षीदार, त्यातला एक उशिरा आलेला. फोटो एकही नाही, कारण कॅमेरा ज्याच्याकडे होता तोच हा उशिरा आलेला, आणि तो रोल विसरला होता.

"सह्या झाल्यावर आम्ही गिरगाव चौपाटीवर जाऊन बसलो," नाना म्हणाले. "भेळ खाल्ली. ही म्हणाली, इथेच लावलं असतं तर काय बिघडलं असतं? निदान मागे काहीतरी दिसलं असतं. त्या साहेबाच्या मागे लोखंडी कपाट होतं."

"आणि?"

"आणि काय? अठ्ठावीस-तीस वर्षं झाली. परत कधी बोलली नाही. पण कपाटाचा नंबर अजून तिच्या लक्षात आहे."

आता सांगा, याला भांडवली म्हणायचं की महसुली? मी मुकाट्याने फॉर्म पुढे केला. संयुक्त ठेव मुदतीआधी मोडायची तर दोघांच्याही सह्या लागतात. तसं मी म्हटलं. नानांनी खिशातून घडी केलेला फॉर्म काढला. सौ.नेच त्यांना महिन्यापूर्वी नेऊन दिला होता म्हणे. अक्कांची सही त्यावर आधीच होती. म्हणजे नाना बायकोला जी भेट गुपचूप देऊ पाहत होते, तिचे निम्मे पैसे बायकोचेच होते आणि तिने ते सही करून मोकळे केले होते. कशासाठी म्हणून विचारलं नव्हतं.

मला या व्यवहाराने फार छळलं. ऋण एकीचं, भरणा दुसरीच्या खात्यात. बँकेत अशी नोंद झाली तर आम्ही ती दुरुस्त करतो, ऑडिटर शेरा मारतो. घरात असली नोंद दुरुस्त करायला गेलं तर काय होईल? बायकोला जे द्यायचं राहून गेलं ते मुलीला दिल्याने फिटतं का? आणि मुलीला नको असलेला थाट तिच्या अंगावर चढवायचा बापाला अधिकार काय? म्हातारपणाच्या औषधपाण्याचे पैसे एका संध्याकाळच्या पडद्यांवर घालणं हा शहाणपणा खासच नव्हे. मी मनात तीन वेळा 'नाना, नका करू' म्हणालो आणि प्रत्यक्षात शिक्का मारला. कारकुनाला मत असतं, पण त्याची जागा फॉर्मवर नसते.

पुढे मी भाचीलाच गाठलं. म्हटलं, "बाळ, तुला हे समुद्राचं एवढं वेड कधीपासून?"

"मला कुठे वेड आहे काका? आईची हौस आहे. मला काय, तीन तास हसत उभं राहायचं."

अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "पोरीची हौस हो! एकुलती एक. आजकालच्या मुलींना असंच लागतं."

नाना तर म्हणतच होते, दोघींची हौस. म्हणजे हौस होती, तिच्यावर साडेचार लाख खर्चही पडणार होता, फक्त ती कुणाच्या नावावर टाकायची याचा पत्ता नव्हता. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आम्ही बँकेत सस्पेन्स अकाउंटला टाकतो आणि वर्षअखेरीला तिच्याकडे बघायचं टाळतो.

सजावट ठरवायला एक तरुण आला. केस मागे बांधलेले, हातात पाटीएवढा संगणक. म्हणाला, "थीम बोहो ठेवूया."

'बोहो' हे बोहल्याचं लाडाचं नाव असावं, अशी माझी समजूत झाली आणि मराठी शब्द टिकतोय म्हणून ऊर भरून आला. पण बोहो म्हणजे वाळलेलं गवत, सुंभाच्या गाठींचे पडदे आणि उलट्या टांगलेल्या टोपल्या, असं निघालं. त्या गवताचं नाव पाम्पास, मूळ दक्षिण अमेरिकेचं. आमच्या आजोळी गवत गोठ्यात असे आणि पाहुणे ओटीवर. इथे पाहुणे आणि गवत एकाच ओळीत बसणार होते. पांढरी होडी मंडपाच्या दाराशी ठेवून तिच्यात फुलं भरायची होती. होडी गावातल्याच एका कोळ्याची. त्याने दिवसाचं भाडं सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मासळीपेक्षा पाहुणे जाळ्यात लवकर सापडतात. ऑर्किडची फुलं विमानाने. आणि शंखशिंपले? ते क्रॉफर्ड मार्केटातून! शिंपले मुंबईत विकत घेऊन, रो-रो बोटीतून मांडव्याला उतरवून, समुद्राच्या काठावर पसरायचे. त्या मार्केटाला सरकारदरबारी महात्मा फुले मंडई म्हणतात. थोडक्या खर्चातल्या लग्नाचा धडा घालून देणाऱ्याच्या नावाची मंडई! इतिहास सुद्धा अधूनमधून विनोदी लेखन करत असावा.

तारीख माघी पौर्णिमेची काढली होती. सूर्य बुडताना मुहूर्त, मागे समुद्र, वर चंद्र. कल्पना सुरेख. त्यावर ज्यांच्या वाडीत मांडव पडायचा होता ते म्हातारे गृहस्थ एवढंच म्हणाले, "पाऊणकी येते का कुणाला?"

आमच्यातल्या कुणाला येत नव्हती. त्यांनी सांगितलं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चौथीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे दुपारी सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला भरती, रात्री परत तेव्हाच, आणि मधोमध, संध्याकाळी, ओहोटी. तीही पौर्णिमेची. उधाणाच्या दिवशी पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे जातं. "तुमच्या मुहूर्ताला," म्हातारे म्हणाले, "समुद्र घरी नसेल." गंमत बघा, गुरुजींनी ज्या पंचांगात मुहूर्त पाहिला त्याच पंचांगात ही तिथीही छापलेली होती. पण गुरुजींनी नवराबायको जुळवली, समुद्राची पत्रिका कुणी पाहिलीच नाही. चंद्राचंही तेच. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो खरा, पण पूर्वेला. आपला समुद्र पश्चिमेला. म्हणजे चंद्र वधूवरांच्या पाठीशी न येता जिलब्यांच्या कढईमागून वर येणार होता.

पत्रिका छापून झाल्या होत्या.

झालंही तसंच. साडेसहाला आम्ही दोनशे माणसं खुर्च्यांवर बसून पाहिलं तर पडदे होते, गवत होतं, होडी होती, विकतचे शिंपले होते, आणि पलीकडे नजर जाईल तिथवर ओला चिखलवट किनारा. त्यावर दोन कुत्री. समुद्र क्षितिजावर एका चकचकीत रेघेइतका शिल्लक. फोटोग्राफर 'जरा खाली वाका' म्हणत तो पकडू पाहत होता. त्यातून वारा. दिवसभर तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून येणारे खारे वारे आपण शाळेत पाठ केले होते. त्या दिवशी ते प्रात्यक्षिकासह भेटले. अंतरपाट धरायला दोन गुरुजी पुरेनात, तो शिडासारखा फुगला. तेव्हा चार मामा लावले, आणि मंगलाष्टका संपायच्या आतच वर वधूला आणि वधू वराला दोन वेळा दिसून गेली. दोघंही हसली. मला वाटतं, त्या संध्याकाळी सजावटीत ठरवून न ठेवलेली तेवढीच एक गोष्ट होती.

सजावट खोटी असते म्हणून नाकं मुरडणाऱ्यांचं मला कधी पटलेलं नाही. दारातली रांगोळी तुडवली जाणार हे माहीत असूनच काढतो. तोरण सुकणार हे बांधतानाच ठाऊक असतं. ज्याच्यासाठी थोडंफार वाया घालवावंसं वाटत नाही, त्याचं स्वागत कसलं? मला अडचण वाटते ती निराळी. रांगोळी घरची बाई वाकून काढते, तिची कंबर दुखते, म्हणून ती रांगोळी तिची. हे पडदे कुणाचे? ते बांधणारी सोळा-सतरा पोरं पहाटेपासून वाळूत राबत होती. त्यातली बरीच बंगालकडची होती. त्यांची कंबर दुखली, हौस आमची झाली. उलट नाना सुतळीलाही हात न लावता चौदा महिन्यांचं व्याज आणि म्हातारपणाचा आधार घालून बसले होते. दुखणं कमरेचंच मोजायचं की पावतीचंही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, पडद्यांवर जीएसटी किती लागला?

जेवण चांगलं होतं. हंगामाचा नवा पांढरा कांदा आला होता आणि जाताना प्रत्येक बाईच्या हातात कांद्याची एकेक माळ दिसत होती. ऑर्किडचे हार कुणी घरी नेले नाहीत.

दहाला भोंगे बंद झाले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, हा नियम २००० सालचा, आणि त्या दिवशी मला तो या देशातला सर्वात मंगल नियम वाटला. कारण आवाज थांबल्यावर पहिल्यांदाच कुठूनसा खळखळाट ऐकू येऊ लागला. पाणी परत निघालं होतं. साडेअकराला ते सुरूच्या झाडांपाशी आलं, मग होडीखाली, मग आमच्या क्रॉफर्ड मार्केटच्या शिंपल्यांपर्यंत. दहा रुपयाला एक घेतलेले शिंपले लाटेने मोफत आत ओढून नेले. आता कुणी एखाद्या पोराने ते उद्या किनाऱ्यावर वेचले तर त्याला काय आनंद होईल!

मुलं पडदे सोडत होती. नवरानवरी केव्हाच बूट-चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेकडेने चालत दूर गेली होती. पाहुणे झोपायच्या खोल्यांकडे. बोहल्यावरचा तो दोघांसाठीचा पांढरा कोच तेवढा उरला होता. त्यावर अक्का बसल्या होत्या. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, एक पाऊल दुसऱ्यावर घासत होत्या. शेजारी नाना. दोघंही काही बोलत नव्हती. नानांच्या हातात हिशेबाची वही होती, पण ती उलटी धरलेली होती.

एक पोरगा आला. "काका, उठा. सोफा न्यायचाय. गाडी भरलीय."

"दहा मिनिटं थांब," नाना म्हणाले. "दहा मिनिटांचे काय होतील ते लाव."

पोराने खांदे उडवले आणि तो वाळूतच फतकल मारून बसला. मग नानांनी मला हाक मारली. म्हणाले, साडूभाऊ, तुमच्या त्या मोबाईलवर एक काढा हो.

अक्का म्हणाल्या, "आत्ता? केस बघा माझे! आणि मागे काय येतंय?"

मागे आता समुद्र होता. अगदी कोचाच्या पायापर्यंत आला होता. पण अंधार इतका की फोटोत नुसतं काळं दिसतं, आणि त्या काळ्यापुढे दोन थकलेली माणसं. तो फोटो मी त्यांना दुसऱ्या दिवशी पाठवला. अक्कांचा निरोप आला, की फोटो चांगला आहे, फक्त खालचा भाग तेवढा कापा, सुजलेले पाय दिसताहेत.

मी अजून कापलेला नाही. वर्षअखेरीला बघू.